बिगुल वाजेपर्यंत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका दुपारी, माझ्यापासून चार हातांवर एका माणसाला खरोखर काहीतरी झालं, ते मला कळलं, आणि मी उठलो नाही. कारण मी तेव्हा मेलेला होतो.

नीट सांगतो.

मी व्हर्जिनियात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या घरापासून दीड तासावर अमेरिकेतल्या यादवी युद्धाची एक रणभूमी आहे. तिथे काही हौशी माणसं वर्षातून चार-पाचदा त्या काळचे सैनिक होऊन राहतात. तंबू ठोकतात, लाकडं पेटवून त्यावर कॉफी उकळतात, कवायत करतात, आणि उन्हाळ्यात एकदा प्रेक्षकांसमोर लढाई करतात. लढाई मात्र शेजारच्या एका शेतकऱ्याच्या कुरणात. जिथे खरी माणसं मेली त्या सरकारी जमिनीवर मरायचं नाटक करायला परवानगी नाही. हा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला.

मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी, रविवारी घरात करमेना म्हणून मी तिथे सहज गेलो होतो. एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने माझ्या हातात बंदूक दिली. मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. ते म्हणाले, "उभं राहता येतं ना? मग निम्मं काम झालं." ते आमच्या तुकडीचे सार्जंट. एरवी निवृत्त प्लंबर. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, पण माझ्या मनात ते कायम 'अहो'च राहिले, आणि त्यांच्या पत्नीला मी मनातल्या मनात काकू म्हणतो.

घरी अर्थातच चेष्टा झाली. "गणपतीत दोन तास कुर्ता घालायचा तर तुला घाम येतो," बायको म्हणाली, "आणि जुलैत लोकरीचा कोट?" महाराष्ट्र मंडळातला एक मित्र म्हणाला, "यार, आपले लोक पानिपतावर मेले. तू यांच्या युद्धात कशाला मरतोस?" खरं उत्तर एवढंच होतं की त्या तुकडीत माझ्यासाठी एक जागा होती. रांगेत सार्जंटच्या उजव्या हाताला. मी गेलो नाही तर ती रिकामी दिसायची.

लढाईत कुणी कधी पडायचं हे सकाळीच ठरतं, वाढदिवसाच्या महिन्यावरून. अमुक महिन्यांत जन्मलेले पहिल्या चढाईत, तमुक महिन्यांतले दुसरीत. मी ऑक्टोबरचा, सार्जंट नोव्हेंबरचे, म्हणून आम्ही दोघं दरवर्षी एकदमच मरायचो. मरायचं कसं ते त्यांनीच शिकवलं. पडायचं ते झाडाच्या सावलीत. तोंड प्रेक्षकांकडे नको, म्हणजे श्वास दिसत नाही. आणि आवाज करायचा नाही. "कण्हणं नवशिक्यांसाठी," ते म्हणायचे. "मेलेला माणूस गप्प असतो." मग सगळं संपल्यावर बिगुल वाजतो, मेलेले उठतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्याच्या आधी उठायचं नाही.

एक अपवाद. कुणाला खरोखर काही झालं तर 'मेडिक' असं ओरडायचं. हा शब्द नाटकात कुणी कधीच वापरत नाही. ऐकणाऱ्याने तोच शब्द पुढे ओरडायचा, आणि सगळ्या बंदुका थांबतात.

त्या दुपारच्या आदल्या वर्षी मी असा ओरडलो होतो. शेजारच्या तुकडीतला एक माणूस पाण्यासाठी तळमळत होता, चेहरा लालबुंद. मी उठून ओरडलो, आणि अख्खं युद्ध थांबलं. ॲम्ब्युलन्स कुरणात आली. त्या माणसाने एक डोळा उघडला आणि विचारलं, "माझं काम इतकं चांगलं होत होतं का?" प्रेक्षक पोट धरून हसले.

त्या दिवसापासून मी 'डॉक' झालो. भारतीय म्हटल्यावर डॉक्टर असणारच, असा विनोद. "डॉक, माझा बूट बघ, श्वास घेत नाहीये." त्यात वाईट मन कुणाचंच नव्हतं, आणि मीही हसायचो. पण रात्री घरी गाडी चालवताना कान गरम व्हायचे. एकटे सार्जंट हसले नाहीत. ताटलीतले बीन्स संपवता संपवता म्हणाले, "पुढच्या वेळीही ओरड. शंभरदा चुकलास तरी चालेल."

पुढची वेळ वर्षभरात आली.

दुसऱ्या चढाईला आम्ही ठरल्याप्रमाणे पडलो, ओकच्या एका झाडाखाली. थोड्या वेळाने मला कण्हण्याचा आवाज आला. बारीक, घशातला. मी मान किंचित वळवली. सार्जंटचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते. ओठाची एक बाजू खाली आली होती. डावा हात गवत उपटत होता, उजवा तसाच पडून होता.

मेलेला माणूस गप्प असतो हे ज्यांनी मला शिकवलं, ते कण्हत होते. याहून स्पष्ट काय असतं?

मला तो उघडलेला एक डोळा आठवला. ते हसू आठवलं. मी मनाशी म्हटलं, आज नातवंडं बघायला आली आहेत, म्हणून जरा जास्त रंगवतायत. हे मला पटलं नाही. पटल्यासारखं करून मी मान पुन्हा वळवली आणि माझ्या बाहीवर चढणाऱ्या मुंगीकडे बघत राहिलो. बिगुल वाजेपर्यंत.

बिगुल वाजला, सगळे उठले, सार्जंट उठले नाहीत. मग मी ओरडलो. खूप मोठ्याने ओरडलो.

ॲम्ब्युलन्समधल्या बाईने विचारलं, "शेवटचे ठीक कधी होते?"

"आत्ताच," मी म्हणालो. "बिगुलाच्या जरा आधी बोलत होते माझ्याशी."

तिने घड्याळ बघितलं आणि बॉलपेनने ती वेळ हातमोज्यावर लिहिली. स्ट्रोकमध्ये, म्हणजे पक्षाघातात, डॉक्टर त्या वेळेपासून मिनिटं मोजून औषध ठरवतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की खरी वेळ सांगितली, तर इतका वेळ मी काय करत होतो हेही सांगावं लागेल.

हॉस्पिटलमध्ये काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "तू शेजारी होतास म्हणून," त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.

सार्जंट वाचले. उजवा हात गेला, बोलणं बरंचसं गेलं. एकाआड एक शनिवारी मी त्यांच्याकडे जातो. साबुदाण्याची खिचडी नेतो, त्यांना ती फार आवडते आणि डाव्या हाताने चमच्याने खाता येते. काकू शेजाऱ्यांना माझी ओळख करून देतात, "यानेच वाचवलं."

त्या लढाईचा एका प्रेक्षकाने काढलेला व्हिडिओ इंटरनेटवर आहे. आमच्याकडे त्या वेळी घड्याळं नसतात, त्या काळात शिपायाकडे ती नसायची म्हणून. पण व्हिडिओत मिनिटं दिसतात. ओकखाली आमच्या निळ्या कोटांचे दोन ठिपके पडलेले आहेत. एका ठिपक्याचा हात हलू लागतो. तिथून बिगुलापर्यंत अकरा मिनिटं. दुसरा ठिपका मध्येच एकदा मान वळवतो आणि परत फिरवतो. बायको विचारते, काय बघतोस. मी म्हणतो, स्कोअर.

या वसंतात आमच्या कॅप्टनने मला नव्या लोकांपुढे सुरक्षिततेवर बोलायला सांगितलं. "डॉकसारखं वागा," अशी प्रस्तावना केली. पहिल्या रांगेत सार्जंट आणि काकू खुर्च्यांवर बसले होते. मी म्हणालो, "ओरडा. शंभरदा चुकलात तरी चालेल." वाक्य त्यांचंच. टाळ्या वाजल्या. सार्जंटनी डावा हात उचलला आणि प्रयत्नाने एक शब्द काढला, "गुड."

त्यांना ती दुपार आठवत नसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन वर्षं मी त्या 'नसेल'वर जगतोय. आणि आठवत असेल, तर त्या माणसाने मला हे सगळं बोलू दिलं, आणि वर गुड म्हटलं.

लवकर ओरडलो असतो तर त्यांचा हात वाचला असता का, मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. माझं काम इतकंच आहे: त्या दोघांसमोर बसून सांगायचं की मला ऐकू आलं होतं, मी बघितलं होतं, आणि वेळ खोटी सांगितली होती. खिचडीने ते फिटत नाही. मी त्यांना ही अकरा मिनिटं देणं लागतो, आणि ती अजून दिलेली नाहीत.