मागच्या वेळचे दोन प्रवासी

आज दुपारचं आहे, लगेच लिहितेय. मी आमच्या प्रवास बुकिंगच्या ॲपचं नवं डिझाइन करतेय, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे.

आम्ही काशीत ब्रह्मा घाटावर राहतो. बाबा पौरोहित्य करतात, म्हणून महाराष्ट्रातले यजमान आमच्याच घरी उतरतात. काल परभणीहून एक काका पत्नीच्या अस्थी घेऊन आले. आज सकाळी विसर्जन झालं. जेवणानंतर ते मोबाईलवर परतीचं तिकीट काढायला बसले, तेव्हा मीच म्हटलं, "काका, आमच्या नव्या ॲपवर काढून बघा ना."

मला कोणीतरी वापरून बघायला हवंच होतं. झूठ कशाला बोलू.

नंबर टाकताच ॲपला त्यांचं जुनं बुकिंग सापडलं. मागच्या वर्षी दोघं काशीयात्रेला आले होते. दोन्ही नावांपुढे आपोआप टिक आली. ही सोय माझीच. मीटिंगमध्ये तिचं कौतुकही झालं होतं.

काकांचं बोट तिथेच थांबलं. मी वहीत लिहिलं, 'टिक कशी काढायची ते कळत नाही.' मग म्हटलं, "काका, नावावर दाबा, निघून जाईल."

"दिसायलंय मला, बेटा," ते म्हणाले. "पण तेही मीच करायचं का?"

बाबा उठले आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.

शेवटी टिक मी काढली. वहीतली ओळही खोडली.

उद्या ऑफिसात सांगणार आहे, यादी टिकांशिवायच उघडू दे, नावं ज्याची त्याने निवडावीत. दोन सेकंद जास्त लागतील. तुम्हाला जड जातील का ते?