वॉम्बॅट हात धुतो

"यात तात्पर्य नाही," असं म्हणून काकू पुस्तक मिटायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांकडे अशा बघायच्या, की जणू आम्ही सगळे तिथे तात्पर्य चोरायलाच आलो आहोत.

आम्ही म्हणजे दोह्यातली मराठी मंडळी. अल मन्सूरातल्या एका केरळी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर फॅमिली हॉल आहे. शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली की मालक तो आमच्या मुलांच्या वाचनासाठी मोकळा ठेवायचा. अट एकच, जाताना सगळ्यांनी खाली चहा घ्यायचा. मुलं सतरंजीवर, आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, आणि सांबाराच्या वासात काकू ऑस्ट्रेलियातली चित्रपुस्तकं मराठीतून सांगत बसलेल्या. असं दृश्य सांगली सोडून निघालेल्या बाईच्या नशिबी कसं आलं, हे तुम्ही विचाराल. तेही सांगते.

काकांची नोकरी गॅसमधली. कतारला येण्याआधी दोघं बरीच वर्षं पर्थला होती. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात काकू लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवायच्या, आणि तिथेच त्यांना हे वेड लागलं. इकडे येताना लोक सोफे आणतात, क्रोकरी आणतात. काकूंनी खोकी भरभरून पुस्तकं आणली. काका बिचारे अजून भाड्याच्या सोफ्यावर बसत.

तिथल्या लेखक-चित्रकारांविषयी काकू अशा बोलायच्या, जशी ती सगळी त्यांच्या माहेरची माणसं. अमकी टास्मानियात शेळ्या पाळते आणि पहाटे चित्रं काढते. तमका पुस्तक घेऊन शाळाशाळांतून हिंडतो आणि मुलांसमोर फळ्यावर कांगारू काढून दाखवतो. "आणि आमच्याकडे चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाएवढं मोठं छापतात," हे त्या दर शुक्रवारी सांगायच्या. आमच्याकडे म्हणजे ऑस्ट्रेलियात. सांगलीतही अशी पद्धत असती तर काकूंना तिचं फारसं कौतुक वाटलं नसतं.

चित्रकाराच्या नावाचा एवढा कळवळा का, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. काकूंची एकुलती एक मुलगी मेलबर्नला असते आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. चांगलं नाव आहे तिचं. काकूंनी ते आम्हाला पाठच करायला लावलं होतं.

आता आमची बाजूही सांगायला हवी, कारण आम्हीही काही कमी नव्हतो. आमचे देशपांडे वेस्ट बेमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या जाड पुठ्ठ्यात एवढेच शब्द?" मग गोष्ट संपल्यावर, "पण काकू, मुलांनी यातून घ्यायचं काय?"

"बिस्किटं घ्या," काकू म्हणाल्या. "तिथे ठेवलीत."

दर शुक्रवारी हे चालायचं. वॉम्बॅट नावाचा एक प्राणी आहे, गोलमटोल, अस्वलाच्या पिल्लासारखा, बिळात राहणारा. तो एका पुस्तकात सकाळी झोपतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी गाजर खातो आणि परत झोपतो. गोष्ट खलास. देशपांड्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. गोष्ट म्हणजे शेवटी लाकूडतोड्याला कुऱ्हाड मिळाली पाहिजे, कोल्ह्याची फजिती झाली पाहिजे, निदान कुणीतरी पस्तावलं पाहिजे, अशा संस्कारांत वाढलेली माणसं आम्ही.

एका वर्षी काकूंनी तिकडच्यासारखा पुस्तक-सप्ताह साजरा करायचं ठरवलं. प्रत्येक मुलाने आपल्या आवडत्या पुस्तकातलं पात्र होऊन यायचं. निरोप आईबापांच्या ग्रुपवर गेला, तिथेच माती झाली. सात शिवाजी महाराज आले, तीन झाशीच्या राण्या आल्या, आणि एक मुलगा हिरव्या कार्डबोर्डात शिरून झाड झाला होता, छातीवर 'झाडे लावा, झाडे जगवा'. काकू स्वतः तपकिरी घोंगडी पांघरून वॉम्बॅट झाल्या होत्या. एसी बंद पडलेला, काकू घामाने निथळत होत्या. देशपांड्यांनी त्यांना अस्वल म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं.

"यांना पात्र म्हणजे तलवार लागते," काकू मला म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांचं खरंच पटलं होतं.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातली गत. काकूंचं बिंग माझ्याच मुलीने फोडलं. आमची इरा तेव्हा तिसरीत होती. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. काकू पुस्तक मुलांकडे वळवून धरायच्या आणि मराठीतून सांगायच्या. मुलं कानाने मराठी ऐकायची आणि डोळ्यांनी छापलेलं इंग्रजी वाचायची. तेव्हा एके दिवशी वॉम्बॅट गाजर खाण्याआधी साबणाने हात धुऊन आला, आणि इरा म्हणाली, "काकू, दॅट्स नॉट देअर."

"चित्रात बघ," काकू म्हणाल्या.

"ही हॅज मड ऑन हिज हँड्स."

"तो दुसरा हात. पुढे ऐक."

मग आम्ही सगळेच लक्ष देऊन ऐकायला लागलो. काकूंच्या मराठीत कांगारू गृहपाठ करत होता. काळी हंसीण सासूला विचारून तळ्यावर जात होती. एका पुस्तकात म्हातारा कुत्रा मरतो. मूळ पुस्तकात तो सरळ मरतो, मुलगा त्याला आंब्याच्या झाडाखाली पुरतो, आणि पुढच्या पानावर नुसतं झाड आहे. काकूंचा कुत्रा मामाच्या गावाला गेला.

"काकू, ही डाइड," इरा म्हणाली.

"मामाकडे आहे. सुटी संपली की येईल," काकू म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून आमच्याकडे वळून, "यात तात्पर्य नाही."

असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. जगाला शिस्त नको म्हणून सांगतं आणि स्वतः दुसऱ्याच्या ताटातली चटणी डावीकडून उजवीकडे सरकवतं. काकूंना कुणाचंच काही जसंच्या तसं ठेवता यायचं नाही. मुलीचंही नाही.

हे त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही अभिमानाने. "लहानपणी तिचं एकेक चित्र मी बसून नीट करायची. रंग बाहेर गेला की खोडायची, नाक चुकलं की नवं काढायची. म्हणून तर हात बसला तिचा." मुलीचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा काकूंनी मेलबर्नला फोन करून सांगितलं, की एकिडना, म्हणजे ते तिकडचं साळिंदर, छान आहे, पण त्याच्या पाठीवरचे काटे जरा कमी कर, बघणाऱ्याला टोचतात. त्यानंतर मुलगी पुस्तकं पाठवेनाशी झाली. काकू ती विकत मागवायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "तिने पाठवलंय."

मुलगी दरवर्षी वसंतात युरोपात मुलांच्या पुस्तकांच्या जत्रेला जायची, आणि विमान दोह्यालाच बदलायची. आईच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर उतरायची, चार-पाच तास विमानतळावर बसायची आणि उडून जायची. ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टाला इथे बाहेर पडायला काही अडचण नसते, हे दोह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. काकू सांगायच्या, "तिला बाहेर येऊ देत नाहीत हो." आम्ही माना डोलवायचो आणि जिन्यात हसायचो.

एका वर्षी तर काकू बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन विमानतळावर जाऊन बसल्या. आली बाहेर तर आली. ती आली नाही. परतताना काकूंनी लाडू टॅक्सीवाल्याला दिले. तो बीडचा निघाला, त्यानेच ही बातमी आमच्यापर्यंत आणली. लाडवांत वेलदोडा जास्त होता असंही म्हणाला. आम्ही त्यावर बरेच दिवस हसलो. आता ते आठवून मला तेवढं हसू येत नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी मुलीचं पुढचं विमान चुकलं. सकाळी उतरलेली, संध्याकाळी दुसरं विमान, आणि वार शुक्रवार. तिने आईला मेसेज केला, की येते. काकूंनी काकांना, मला, देशपांड्यांना आणि हॉटेलमालकालाही फोन केला. दुपारी हॉलमध्ये एरवी दिसायची त्याच्या दुप्पट माणसं. मुलगी कशी आहे यापेक्षा ती आईला काय म्हणते, हे बघायला.

ती आली. बारीक, केस कापलेले, पायात साध्या चपला, बोटांना शाई. सगळ्यात मागच्या रांगेत बसली. देशपांडे वळून म्हणाले, "आपण ऑथर?"

"इलस्ट्रेटर."

"म्हणजे लिहिणारे दुसरे कोणी?"

"धिस वन आय डिड बोथ," ती म्हणाली, आणि पिशवीतून कोरं करकरीत पुस्तक काढून आईच्या हातात दिलं. अजून दुकानातही आलं नव्हतं. काकूंनी ते आमच्यासमोरच पहिल्यांदा उघडलं.

पुन्हा वॉम्बॅटच होता. पिल्लू बीळ खणत निघतं. आई बिळाच्या तोंडाशी बसून सांगत असते, डावीकडे खण, उजवीकडे नको, माती नीट रच. पानागणिक बीळ लांब होतं आणि आई लहान होत जाते. शेवटी ती एवढीशी उरते, तरी तिचं तोंड उघडंच असतं. शेवटच्या पानावर पिल्लू कुठल्यातरी परक्या रानात डोकं वर काढतं. वर अनोळखी झाडं, खूप आकाश. संपलं.

हॉलमध्ये न समजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. देशपांड्यांनासुद्धा कळलं. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता पिल्लाला भूक लागणार, आता ते वळणार, हात धुणार. काकूंनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. जसं छापलं होतं तसं, आईचं सगळं बोलणंसुद्धा, स्वच्छ मराठीत सांगत आल्या होत्या. शेवटचं पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं.

इराने विचारलं, "देन डझ शी कम बॅक?"

काकूंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मला त्या क्षणी काकू फार आवडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं तरी चित्र जसंच्या तसं राहू दिलं होतं, आणि तेही अशा चित्रात जिथे त्यांनाच एवढंसं केलं होतं. मुलगी खाली बघत होती.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. मायलेकी मागे बसल्या होत्या. मग मुलगी मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, छान वाचलं तू." दिवसभरातलं तिचं ते पहिलं मराठी वाक्य. आरशात मला दिसलं, तिने आईचा हात हातात घेतला होता. "जत्रा संपली की परत इथूनच जाते आहे. तेव्हा दोन दिवस राहू का?"

"राहा की," काकू म्हणाल्या.

विमानतळ दिसायला लागला होता. दोन सिग्नल राहिले होते. काकूंना फक्त तेवढा वेळ गप्प बसायचं होतं. पहिला सिग्नल त्यांनी निभावला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, इथल्यासारखं शुक्रन म्हणून.

दुसऱ्या सिग्नलला काकू म्हणाल्या, "पुस्तक चांगलंच झालंय. फक्त पिल्लाचे डोळे जरा मोठे काढ पुढच्या वेळी. डोळे बारीक काढले की माया येत नाही बघ."

जित्याची खोड. मला गाडी तिथेच थांबवून त्यांना उतरवून द्यावंसं वाटलं. मुलीने हात सोडवून घेतला, अगदी हळू, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओके, आई." उतरताना तिने मला थँक्यू म्हटलं. काकू काचेतून हात हलवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं मेघना, खरंच बारीक होते गं डोळे. तू पाहिलेस ना?"

जत्रा संपली. मुलगी दुबईवरून परत गेली. पुढच्या वर्षीही दुबईवरूनच गेली आणि दुबईवरूनच आली.

"तिथून तिकीट बरं पडत असेल," काकू म्हणाल्या. आम्ही कुणी जिन्यात हसलो नाही.

त्याच उन्हाळ्यात काका निवृत्त झाले आणि दोघं सांगलीला परतली. जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी काकूंनी तेच पुस्तक काढलं. पिल्लू बीळ खणत निघालं. बीळ लांब झालं, आई लहान झाली, परकं रान आलं. आणि मग काकूंच्या मराठीत पिल्लाला भूक लागली. ते वळलं, सगळं बीळ उलटं चालत आलं, हात धुतले, आणि आईने वाढलेला वरणभात खाल्ला. मध्येच काकूंनी खोकल्यासारखं केलं. समोर पान उघडंच होतं, परक्या रानाचं. वाचता येणारी मुलं समोर बसली होती. इराने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

बोलले ते देशपांडे. खूश होऊन उठले आणि म्हणाले, "काकू, आज कुठे गोष्टीला शेवट आला. मागच्या खेपेला अर्धवट वाटली होती. आता मुलांना कळलं, कितीही लांब गेलं तरी घरी परत यायचं असतं."

आम्ही सगळे काकूंकडे बघत होतो. आता देशपांड्यांची खैर नाही असं वाटलं.

"होय की," काकू म्हणाल्या. "यायचं असतं."