दत्तूभाऊंचा बीप

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, सुटे स्क्रू आणि किस्से. स्क्रू निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? मग कोणी चहाला आलं की मी सुरू होतो. माझे सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत, आणि हल्ली तेच ते परत परत सांगतो. तेवढं सांभाळून घ्या.

जुईनगरला स्टेशनजवळ आमचं कॉम्प्युटरचं दुकान. पार्टनर दोघं, मी आणि दत्तूभाऊ. भाऊ साताऱ्याकडचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे. डेस्कटॉप चालू होत नाही म्हणून कोणी आणला की बऱ्याचदा रॅमचीच, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीचीच भानगड असते. पण भाऊंचा नियम होता, बीप ऐकल्याशिवाय रॅमला हात लावायचा नाही! हल्लीच्या मशीनमध्ये बीप वाजवणारा बझरच नसतो, म्हणून आम्ही चिंचोक्याएवढा एक बझर ठेवलाय. आलेल्या मशीनला तो आधी जोडायचा, काम झालं की काढायचा. हे काम माझं. बटण दाबलं की भाऊ डोळे मिटून कान लावणार. लांब लांब बीप आले की रॅम काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसायची, परत बसवायची. मग एकच बारीक बीप आला की मशीन बरं झालं. मध्येच गिऱ्हाईक बोललं तर भाऊ ओरडायचे, "गप बसा जरा, पेशंट बोलतोय!"

एकदा मी चेष्टेत विचारलं, "भाऊ, रिटायर कधी होताय?"

"ज्या दिवशी बीप ऐकू येणार न्हाय, त्या दिवशी शटर तुझ्या हातात. मग मी दुकानात पाय ठेवणार न्हाय!"

तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

*

दिवाळे गावच्या एका कोळीदादांची होडी आहे. मुलीचा कॉम्प्युटर ते खांद्यावर टाकून आणायचे. खाडीच्या हवेनं रॅमवर गंज धरायचा, भाऊ खोडरबर फिरवायचे, काम व्हायचं. एकदा मशीन उघडलं तर आत सगळं काळं, चिकट!

"दादा, हे काय लावलंत?"

"गिरीस! गंजू नये म्हनून. होडीच्या मशिनीला लावतो ना आमी, तसा."

भाऊ पोट धरून हसले. "अहो, हिला काय समुद्रात सोडायचीय का?"

सगळं पुसून काढलं आणि बटण दाबलं. बझर ठणाणा वाजायला लागला. दादांनी कानावर हात ठेवला. बाहेरून जाणारा माणूस वळून बघायला लागला. आणि भाऊ डोळे मिटून, कान लावून म्हणाले, "बीप का येत न्हाय रं, पक्या?"

मला वाटलं, मस्करी करतायत. मी हसलो. भाऊ हसले नाहीत.

*

त्यानंतर भाऊंनी एक नवीन खेळ सुरू केला. बटण दाबायचे आणि गिऱ्हाइकालाच विचारायचे, "हां, सांगा बघू, कसा वाजला?"

समोरच्या सोसायटीतले एक रिटायर्ड मास्तर तर खूश! "लांब! तीन वेळा लांब!"

"शाब्बास! रॅम!"

मास्तर छाती फुगवून घरी गेले. पब्लिकला खेळ जाम आवडला. मी पण सगळ्यांना सांगत सुटलो, काय मार्केटिंग आहे आमच्या भाऊंचं! माणूस खरंच विचारतोय, हे माझ्या टाळक्यात शिरायला बराच काळ गेला.

*

मग एक दिवस मी दुकानात नव्हतो, गिऱ्हाईकही मशीन ठेवून गेलेलं. भाऊ एकटेच. एक लांब, दोन आखूड, म्हणजे बीप ग्राफिक्स कार्डचे होते. भाऊंनी रॅम बदलून दिली. इतक्या वर्षांत ही चूक त्यांच्या हातून झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनवाले साहेब तणतणत आले. भाऊ त्यांच्याकडे पाठ करून चहा गाळत होते. साहेब माझ्यावर भडकले, "बहिरे आहेत का हो तुमचे भाऊ?"

भाऊ वळले, छान हसले आणि पहिला कप साहेबांच्याच हातात दिला. "घ्या साहेब, गरम हाय."

साहेबांनी कप घेतला. फुंकर मारत चहा प्यायले बिचारे.

*

त्या दिवसापासून मी काउंटरवर बोटं वाजवायला लागलो. बझर लांब वाजला की माझी टकटक सावकाश, आखूड वाजला की पटकन. भाऊंचा तळहात काउंटरवरच असायचा. ते डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि बरोबर सांगायचे, "रॅम!" मला वाटायचं, यांना कळत नाही. सवय म्हणून वाजवतोय, असा चेहरा मी करायचो.

एकदा मला ताप होता. काम आटोपल्यावर भाऊंनी माझ्या कपाळाला हात लावला. "आज तुझी बोटं लई हळू चालत्यात. जा, घरी जाऊन झोप."

मी घरी गेलो आणि उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडलो.

*

शेवटी शैलावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, त्यांना डॉक्टरकडे नेलं. एक कान गेलेला, दुसरा जेमतेम. कानाचं मशीन बसवलं आणि दोघं थेट दुकानात आले. वहिनींचा चेहरा रिझल्टला आलेल्या आईसारखा!

भाऊंनी एक बंद मशीन पुढ्यात ओढलं. "आज ऐकू आला न्हाय तर शटर तुझं, पक्या. बोललो म्हंजे बोललो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात खिशात घाल."

घातले, काय करणार! भाऊंनी रॅम काढली, खोडरबर फिरवला, दोन्ही बाजूंनी दाबून बसवली. मॉनिटर भिंतीकडे फिरवून ठेवला, उगाच डोळ्यांची मदत नको म्हणून. मग बटण दाबून डोळे मिटले. फॅन फिरायला लागला. वहिनींनी पदर तोंडात धरला.

तेवढ्यात खिशात माझ्या बोटांना काहीतरी बारीक लागलं. बझर! सकाळी आधीच्या मशीनचा काढला होता, तो या मशीनला जोडायचाच राहिला होता.

आणि भाऊंचा चेहरा एकदम फुलला. "आला! एकच! बारीक!"

वहिनी रडायलाच लागल्या. माझ्याकडे वळून विचारलं, "वाजला ना हो, भाऊजी?"

"वाजला की, वहिनी! मस्त वाजला!"

वहिनी डोळे पुसत पेढे आणायला गेल्या. भाऊंनी मॉनिटर फिरवला, मशीन झकास चालू झालं होतं. त्यांनी खोडरबर डब्यात टाकला, कॅबिनेटचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, पुढचं घे. आणि त्याला तेवढा बझर जोड."