पदराआड लागलेला दिवा

अक्काच्या लेकीला, जळगावला, मुलगा झाला होता. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. बारशाला आम्ही तिघं धुळ्याहून आमच्या जुन्या मोटारीतून निघालो. मागच्या सीटवर अक्का, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा.

पारोळ्याच्या अलीकडे चढ लागला आणि इंजिन ठोकायला लागलं. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. गाडी ओढेचना. यांनी ती निंबाखाली घेतली.

"काल ठिणगीचे नवे पॉइंट बसवले आणि टायमिंग बघायचं राहिलं," हे म्हणाले. "ठिणगी वेळेआधीच पडतेय."

"मंग मांगे कर ना भाऊ!" अक्का म्हणाली.

यांनी हँडल मारून पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणली, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि वायर जोडलेला लहानसा बल्ब माझ्या हातात दिला. हे डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवणार, त्यातले पॉइंट उघडले की बल्ब लागणार, आणि लागला त्याच क्षणी मी ओरडायचं. पण त्या लख्ख उन्हात बल्ब लागलाय की नाही तेच दिसेना. मी दोनदा उगाच ओरडले.

अक्कानं डबा सीटवर ठेवला, खाली उतरली आणि आपल्या जाड लुगड्याचा पदर माझ्या डोक्यावरून बल्बावर धरला. आत आम्ही दोघी, डोक्याला डोकं लावून. बाहेरून हे विचारत, "लागला का?" तसं आम्हाला आणखीच हसू फुटे.

"हसताय काय? मी फिरवतोय!"

डिस्ट्रिब्युटर केसभर सरकला आणि पदराआड पिवळा उजेड पडला.

"लागना! दिवा लागना रे भाऊ!" दिवा लागला म्हणून अक्का इतक्या जोरात ओरडली की वाटेवरचा बैलगाडीवाला थांबला.

यांनी बोल्ट आवळला, हँडल मारून खूण पुन्हा समोर आणली. दिवा नेमका तिथंच लागला.

आता त्या चढावर परीक्षा होती. अक्का म्हणाली, "मी पुढे बसणार, मला इंजिन ऐकायचंय." मी मागे डब्याशेजारी जाऊन बसले. यांनी टॉप गिअरमध्येच पाय दाबला. जराशी टिकटिक झाली, मग तीही थांबली आणि गाडी सरसर वर चढली. यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"कशी पळी ऱ्हायनी बघ!" अक्का म्हणाली, आणि तिनं खिडकीच्या काठावर ताल धरून पाळणा म्हणायला सुरुवात केली. पारोळा मागे पडला तरी ती गातच होती, आणि गाणं येत नसूनही हे तिच्या मागून म्हणत होते.