खऱ्या मशीनवरची रिक्षा

आमच्या टोळीचे किस्से मी सांगत नसतो, ते उतू जातात. टपरीवर कुणी नुसतं "कॉम्प्युटर" म्हटलं तरी पोरं माझ्याकडे बघून हसतात. म्हटलं, सांगूनच टाकू. दहावी एकदा गेलीये, आता इज्जत काय वेगळी जाणार?

टोळी म्हणजे तिघंच. वसंतकाका, ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर. तेजलताई, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आणि मी, पप्या. पंचवटीत काकांच्या माडीवर एक जुना कॉम्प्युटर आहे, माझ्या बापापेक्षा मोठा! नुसता कीबोर्ड, तो टीव्हीला जोडायचा. ताईचा प्रोजेक्ट म्हणजे त्याच्यासाठी गेम. गल्लीत रिक्षा, समोर गायी. खऱ्या मशीनवर चालला तर पास, नाहीतर वर्ष गेलं.

आता त्या मशीनवरच कोड टाइप करायचा तर म्हातारपण येईल. म्हणून ताई लॅपटॉपवर लिहायची. तिथलं एक टूल त्या कोडचा आवाज बनवायचं. किर्रर्र, चींईई! पूर्वी हा आवाज कॅसेटमधून मशीनला ऐकवायचे, आम्ही फोनमधून. हेडफोनचं भोक असलेला फोन फक्त माझ्याकडे, म्हणून माझा भाव!

पहिल्याच दिवशी गेम लोड होत आला आणि मध्येच माझ्या आईचा फोन. रिंगटोन थेट मशीनच्या पोटात! स्क्रीनवर रंगपंचमी, सगळं हँग.

काका म्हणाले, "पप्या, आईला सांग, कोड आम्ही लिहितोय. तिने मदत केली नाही तरी चालेल."

*

मग मला चेव आला. एकदा गेमच्या जागी लग्नातल्या बँडचं रेकॉर्डिंग लावून दिलं. मशीन गप ऐकत बसलं. ताई वायरी तपासतेय, काका टीव्ही बडवताहेत.

शेवटी काकांनी वायर काढून फोन कानाला लावला. म्हणाले, "बरोबर आहे. जावयासारखं बसलंय. कळत काही नाही, पण उठायचं कसं?"

ताईसुद्धा हसली. तिथेच चुकलं. हसायला नको होतं तिने.

*

कारण पुढचा किस्सा सांगताना माझी मान वर होत नाही.

लॅपटॉपवर त्या मशीनची नक्कल करणारा एम्युलेटर असतो. ताई आधी त्यात गेम चालवून बघायची. मी गुपचूप त्याचा स्पीड डबल केला! रिक्षा सुसाट. ताईला वाटलं, आपलाच कोड चुकला. दोन दिवस बसून तिने रिक्षा हळू केली.

खऱ्या मशीनवर लावली, तर रिक्षा सरकेचना. गाय पुढे निघून गेली.

काका म्हणाले, "सीएनजीच्या लाइनीत उभीये का?"

मी एकटाच खो खो हसलो. ताईने एम्युलेटरची सेटिंग उघडली, बघितली, माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पप्या, चहा घेणार?"

तो चहा मला अजून गिळवत नाही.

*

परीक्षा. कॉलेजात मशीन मांडलं, बाहेरून आलेले सर समोर, फोन माझ्या हातात. गेम एका दमात लोड झाला. काकांनी डोळे मिटून हात जोडले.

ताई म्हणाली, "सर, तुम्हीच खेळून बघा ना."

आणि मला एकदम आठवलं! आदल्या दिवशी ती पाणी प्यायला गेली, तेव्हा मी तिच्या कोडमधलं "गेम ओव्हर" खोडून "तेजल गाढव" टाकलं होतं. ताई खेळताना कधी आउटच होत नाही, म्हटलं कुणाला दिसतंय!

सर वळणावर. समोर गाय.

मी ओरडलो, "सर, मरू नका!"

सरांनी दचकून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात रिक्षा गाईवर.

स्क्रीन काळी झाली. मी फरशीकडे बघत उभा. सर एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले, "कोड, तेजल. मशीन, वसंतकाका. टेस्टिंग, पप्या."

गाढव गायब! ताईने ते आधीच पकडून बदललं होतं. मग सर चष्मा वर करून म्हणाले, "छान. यातला पप्या कोण?"

मी म्हणालो, "तो आज आला नाही, सर."