लाइनीवरची मुख्यमंत्री

आवाज तिचाच होता, आणि तो आवाज मला सांगत होता की ती गेली. दीड महिन्यापूर्वी गंगाखेडहून फोन आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. "मावशी, आई सकाळीच गेली," एवढं ऐकू आलं आणि मला काही उमजेना. कमलची आई वारली त्याला वीस वर्षं होत आली, मग ही आज परत का सांगतेय... मग डोक्यात प्रकाश पडला. बोलत होती ती कमलची मुलगी विद्या. गळा अगदी आईचा. फोडणी करपली, मी गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, कारण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या बाईनं असं पुढं निघून जायचं नसतं.

कमलची आणि माझी ओळख झाली ती तारेवर. ज्यांच्या हातात कळायच्या आधीपासून मोबाइल आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या काळी सेलूहून गंगाखेडला बोलायचं तर आधी आमच्या एक्स्चेंजला कॉल लावावा लागे. समोर बोर्ड, बोर्डावर प्रत्येक फोनवाल्याचं एक बारीक शटर. कोणी फोन फिरवला की ते खटकन पडायचं. मग मी दोरीचं टोक त्याच्या भोकात खुपसून विचारायचे, कुठं पाहिजे? गावाबाहेरचा कॉल असला तर परभणीच्या ट्रंक बोर्डला सांगायचं, परभणी पुढं जोडून द्यायची. मी सेलूला होते, कमल गंगाखेडला. आम्हाला नावं नव्हतीच. लाइनीवर मी सेलू आणि ती गंगाखेड. घरी आम्ही लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान, आणि मुलीनं दिवसभर परक्या माणसांशी बोलायची नोकरी करावी हे त्यांना पहिली दोन वर्षं पटलं नाही. पुढे गिऱ्हाइकं "तुमची पोरगी लय लवकर लाइन देती" म्हणायला लागली तेव्हा पटलं.

परभणीला सय्यदसाहेब होते. वयानं आमच्या सगळ्यांपेक्षा मोठे, निजामाच्या राजवटीत शाळा शिकलेले, बोलण्यात अदब आणि डोक्यात कायम काहीतरी खटपट. निवडणुका आल्या की तालुक्यातालुक्याचे आकडे आमच्याच तोंडून त्यांच्याकडे जायचे. अशाच एका निवडणुकीनंतर ते म्हणाले, इतके दिवस दुसऱ्यांच्या खुर्च्या मोजल्या, आता आपली एक मांडू या. आणि खरोखरच मांडली. रविवारी मोंढा बंद, कापसाचे व्यापारी घरी लोळत पडलेले, दुपारी लाइनी मोकळ्या. सय्यदसाहेब आपल्या बोर्डावर आम्हा सात स्टेशनांच्या दोऱ्या एकत्र जोडायचे आणि लाइनीवरची असेंब्ली भरायची. प्रत्येक स्टेशन एक मतदारसंघ. सय्यदसाहेब सभापती, कारण दोऱ्या त्यांच्या हातात. जास्त आरडाओरडा करणाऱ्याची दोरी ते सरळ उपसून ठेवायचे. असा अधिकार खऱ्या सभापतीला मिळाला तर काय बहार होईल! कुणाच्या बोर्डावर शटर पडलं की सभागृह तहकूब. गिऱ्हाइकाचा एकही कॉल आम्ही खेळापायी अडवला नाही, म्हणूनच वरच्या साहेबांनीही कानाडोळा केला असावा.

खेळ म्हणाल तर खेळ होता, पण आम्ही जीव तोडून खेळायचो. खाती वाटलेली होती. हातात ओझं असलेली बाई दिसली की एसटीनं थांब्याच्या अलीकडेही थांबलंच पाहिजे, असा कायदा आम्ही केला. आठवडी बाजारात बायकांसाठी आडोशाची सोय, कापसाचा भाव वजन करायच्या आधी बोलायचा, असे किती तरी कायदे आमच्या राज्यात होते. सुरुवातीपासून मुख्यमंत्री मी. का, तर मला सतत बोलायला लागतं आणि दुसऱ्याचं ऐकून घेतल्याचा आवाजही काढता येतो. राजकारणाला एवढं पुरतं. कमल विरोधी पक्षनेती. तिचा आवाज भरदार, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवणारा. ती बोलायला लागली की मी मनातल्या मनात खुर्ची घट्ट धरायचे.

आमच्या राज्यात एक गोष्ट मात्र कधीच चर्चेला यायची नाही. विद्यापीठाचं नामांतर. ते बाहेर इतकं पेटलेलं होतं की लाइनीवर त्याचं नाव काढायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. दिवसाचं कामकाज मुख्यमंत्र्यानं ठरवायचं, आणि मी ते कधी घेतलं नाही. त्या हवेत ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. सात माणसं जेमतेम एका तारेवर टिकली होती, ती तुटली असती. कमलला ते पटत नव्हतं. एका रविवारी तिनं उभं राहून, म्हणजे बसल्या जागी हेडसेट सावरून, जाहीर केलं की ती मुख्यमंत्रिपदासाठी उभी आहे, आणि निवडून आली तर पहिल्याच दिवशी नामांतराचा ठराव मांडणार आहे.

मग आमच्यातलं एक स्टेशन बोललं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्या गृहस्थांची नातवंडं हे वाचतील. ते म्हणाले, "गंगाखेड, येवढी कळकळ कशापायी? आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

हा प्रश्न आमच्या लाइनीवर त्याआधी कुणी कुणाला विचारलेला नव्हता. त्या दिवसांत आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सय्यदसाहेब घाईघाईनं मध्ये पडले, हा सवाल इथं चालणार न्हाई म्हणाले. पण कमल त्यांना थांबवून म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत. वाव्हळे. कमल वाव्हळे. आणि कळकळ म्हणाल तर त्या आडनावापायीच हाय. लपवायचं काय त्यात? पुढच्या रविवारी मत द्या." आणि तिच्याकडं शटर पडलं. खरंच पडलं की तिनं नुसतं तसं सांगितलं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी तिला लाइन लावली. मी तिची प्रतिस्पर्धी, पण मला राहवेना. तेव्हा तिनं मला सांगितलं की विधिमंडळात ठराव झाला त्या साली तिच्या मामाच्या गावात घरं जाळली, आणि तिची मामी अंगावरच्या लुगड्यानिशी चालत त्यांच्याकडे आली होती. मी म्हटलं, मग हे खेळात कशाला आणतेस, इथं तरी सुखानं राहा की. तिनं मध्येच आलेला एक कॉल आधी जोडून दिला. मग म्हणाली, "सेलू, तुमी सगळे मला आवाजावरून ओळखता, बरं वाटतं. पण रोज ड्यूटीला बसले की एकच भ्या वाटायचं. आवाजाला आडनाव लागलं की ही लोकं दोरी काढून घेतील. आता लागलंय. काढतात का ठेवतात, ते एकदा बघायचंय मला." मी फोन ठेवला. तेव्हा मला कळलं की ती मुख्यमंत्रिपदासाठी उभी राहिलेली नाही. खुर्चीसाठी मी उभी होते. ती आम्हालाच तपासून बघत होती.

रविवार आला. मतदानाची रीत साधी. नवा उमेदवार पसंत आहे का नाही, एवढंच एकेका स्टेशनानं सांगायचं. उमेदवारांना मत नाही, म्हणजे कमल आणि मी बाद. सभापतीलाही नाही. राहिली पाच स्टेशनं. सय्यदसाहेब एकेकाचा पुकारा करू लागले. पहिलं स्टेशन, पसंत हाय. दुसरं, न्हाई. तिसरं, न्हाई. चौथं, पसंत हाय. उरलं ते आडनाव विचारणारं स्टेशन, आणि तेवढ्यात त्यांच्याकडं कोणाचा तरी कॉल आलेला. आम्ही ताटकळलो. ते परत लाइनीवर आल्याचा आवाज झाला तसा सय्यदसाहेबांनी त्यांच्या गावाचा पुकारा केला. आमची रोजची हजेरी अशीच व्हायची, गावाचं नाव घ्यायचं आणि पलीकडून उत्तर यायचं. ते गृहस्थ नुकतेच हेडसेट चढवत होते. सवयीनं बोलून गेले, "हाय, हाय."

"पसंत हाय!" सय्यदसाहेब ओरडलेच. "गंगाखेड मुख्यमंत्री!"

दोन स्टेशनांनी बोर्डावर दोऱ्यांच्या पिना वाजवून टाळ्या दिल्या. तो हाय कुठला होता हे मला नेमकं कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, खुर्ची वाचवायला माझं तोंड उघडतच होतं. पण माझ्याआधी कमल बोलली. "सय्यदसाहेब, थांबा. ते हजेरीचं हाय झालं. मताचं न्हाई. परत विचारा त्यांना."

सय्यदसाहेब अजिजीनं म्हणाले, "बाई, मिळालंय ते घ्या की."

"चुकून मिळालेलं मला नको," कमल म्हणाली. "त्यांना पसंत नसल तर न्हाई म्हणू द्या. पण मला बघून म्हणू द्या."

बघून! तारेवर कोण कुणाला बघतंय... पण आम्हा सगळ्यांना ती काय म्हणतेय ते कळलं. सय्यदसाहेबांनी परत पुकारा केला, या वेळी प्रश्नासकट. मग त्या गृहस्थांनी आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. कुणी विचारलं नव्हतं. ते आडनाव असं की आमच्या जिल्ह्यात डोळे मिटून दगड मारला तरी त्याच आडनावाच्या माणसाला लागावा. ते सांगून ते म्हणाले, "वाव्हळेबाई मला पसंत हायत. ठराव न्हाई. बाई हायत."

अशी मी पडले. आयुष्यात तेवढी एकच निवडणूक लढले आणि एका मतानं हरले. हरल्याचं वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण त्या दिवशी ड्यूटी संपवून घरी जाताना रस्ताभर मला हसू येत होतं, कारण कुणीही दोरी काढली नव्हती. न्हाई म्हणणाऱ्या दोघांनीसुद्धा नाही.

कमलनं शब्द पाळला. नामांतराचा ठराव तीन रविवार चालला. मध्येच कापसाचे भाव विचारणारे व्यापारी, मध्येच बाळंतपणाच्या अर्जंट खबरा, सभागृह कितीदा तहकूब झालं याला गणती नाही. त्या गृहस्थांनी ठरावाला कडाडून विरोध केला आणि कमलनं त्यांना पुरता वेळ दिला. मी एक उपसूचना आणली, की नव्या नावात मराठवाडा हा शब्दही राहावा, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना आपलं म्हणता येईल. कमल माझ्याशी भांडली, खूप भांडली, आणि शेवटी उपसूचनेसह ठराव मंजूर झाला. आमच्या राज्यात नामांतर झालं तेव्हा खऱ्या सरकारला अजून बरीच वर्षं लागायची होती. पुढे सगळीकडं आपोआप लागणारे फोन आले, आमचे बोर्ड गेले, सय्यदसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला परभणीत कमलला मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. एवढ्याशा अंगाची बाई, तो आवाज तिनं ठेवला कुठं होता कोण जाणे! चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला तिचा फोन आला. म्हणाली, "सेलू, सरकारनं आपला ठराव उचलला गं. तुझ्या उपसूचनेसकट उचलला. पण लय उशीर केला यांनी." मी म्हटलं, त्यांच्याकडं सय्यदसाहेब नव्हते ना. आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडायला लागली, आणि मी तिला रडू दिलं.

कमलच्या घरी तिच्या आठवणीचा कार्यक्रम होता म्हणून परवा मी गंगाखेडला जाऊन आले. ते गृहस्थही आले होते, आता चालायला काठी लागते त्यांना. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. विद्या आता तिथंच सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन चालूच होते. प्रत्येक वेळी ती फोन कानाला लावायची आणि पलीकडच्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायची, "वाव्हळे बोलतेय." मी चार-पाचदा ऐकलं. मग विचारलं, हॅलो का म्हणत नाहीस गं? ती म्हणाली, "लहानपणापासून आईनं हेच लावलंय, मावशी. आडनाव आपण आधीच सांगून टाकायचं. मग पुढच्याला जे विचारायचंय ते कामाचं तरी असतं." एवढं सांगेपर्यंत फोन परत वाजला.

कोपऱ्यातले ते गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.