तहानेची दोन मिनिटं

मंगळवारी दुपारी चार वाजता आमच्या चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना असते. प्रार्थना पाऊण तास चालते. मग चहा होतो, आणि चहाबरोबर जे सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत आवरत नाही. चर्चमध्ये बाईनं रागवायचं नसतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मग तो राग जातो कुठं? किस्स्यांत जातो. एकीनं सांगायला घेतलं की दुसरीला तिचा आठवतो. हसून हसून डोळे पुसताना मग लक्षात येतं, की यात हसण्यासारखं काहीच नव्हतं!

मी रूथ, चर्चमध्ये पेटी वाजवते. पेटी अगदी पुढं, पाळकसाहेब जिथून उपदेश देतात त्या पुलपिटच्या बाजूला, त्यामुळे मला सगळे दिसतात आणि माझ्याकडं कुणी बघत नाही. या किस्स्यांतली मुख्य बाई म्हणजे आमच्या एस्तेरताई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर होऊन मंडळाच्या अध्यक्ष झाल्यात. आणि मुख्य भाऊ म्हणजे मधुकरभाऊ, पंच कमिटीचे सेक्रेटरी. चर्चचा सगळा कारभार पंच बघतात आणि पंच सगळे पुरुष. माझा नवराही त्यांच्यात आहे. तो मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि घरी आल्यावर "मी बोलणारच होतो" म्हणतो.

*

आधी गुड फ्रायडेचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर प्रभूनं सात वाक्यं उच्चारली, त्यातल्या एकेका वाक्यावर एकेकानं बोलायचं. पाचवं वाक्य महिला मंडळाकडं. पाचवं म्हणजे तहान लागल्याचं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच ठाऊक नाही. मी एकदा मधुकरभाऊंना विचारलं, तर म्हणाले, "सगळ्यात लहान वाक्य आहे ना, भगिनींना सोपं जातं."

सोपं जातं म्हणे! एस्तेरताई गुड फ्रायडेआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की त्या एका वाक्याची तयारी करायला बसतात. वाचतात, प्रार्थना करतात, आम्हाला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. आणि गुड फ्रायडेला काय होतं? पहिलं वाक्य क्षमेचं, ते मधुकरभाऊंचं. क्षमेवर ते इतकं बोलतात, की ऐकणाऱ्याला त्यांनाच क्षमा करावी लागते. मग दुसरे भाऊ, तिसरे, चौथे. कुणीच आवरतं घेत नाही. अडीच वाजून जातात. घड्याळावर लक्ष ठेवण्याचं काम पुन्हा मधुकरभाऊंकडंच. एस्तेरताई माईकजवळ पोचल्या की ते खुर्चीतून दोन बोटं वर करतात. "ताई, दोन मिनिटं."

दरवर्षी. ताई बायबलमधलं ते वचन वाचतात, छोटी प्रार्थना करतात आणि खाली येऊन बसतात. पेटीवर पुढचं गीत वाजवताना माझी बोटं रागानं पट्ट्यांवर आपटतात, आणि लोक म्हणतात, आज रूथबाईंनी काय मन लावून वाजवलं.

*

आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला सांगायला नको. चर्चचा नळ तर चर्चची वेळही बघत नाही. एका रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला होता आणि मागून नळाचा फुस्स आवाज आला. पाठीमागच्या बाकांवरच्या पाच-सहा जणी उठल्या, पदर खोचले आणि ड्रम भरायला धावल्या. एस्तेरताई सगळ्यांच्या पुढं. उपदेश संपला तरी त्यांच्या बादल्या संपल्या नव्हत्या.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "आज उपासना चालू असतानाच देवानं आपल्याला पाणी पाठवलं, त्याची स्तुती असो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओली साडी सावरत एस्तेरताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाठवलं देवानंच, व्हय. भरलं कुणी ते बी सांगा की."

पाळकसाहेब माणूस भला आहे, वयानं लहान आहे. ते हसले आणि त्यांनी पुढची सूचना वाचायला घेतली.

मागच्या ज्या खोलीत ते ड्रम असतात, तिथंच शेगडी आहे, तिथंच स्टीलचे पेले आहेत. त्या खोलीचा उंबरा ओलांडून एकही पंच आत गेलेला मी पाहिलेला नाही. दारापर्यंत येतात आणि हात पुढं करतात. त्या हातात पेला येतोच.

*

एकदा पंचांच्या मनात आमच्याबद्दल माया दाटून आली. त्यांनी शिबिर ठेवलं. 'सेवेतील भगिनींसाठी आत्मिक उत्तेजन'. बोर्ड छापला, बाहेरगावाहून वक्ते बोलावले. वक्ते अर्थातच भाऊ! सेवेतल्या बायकांना धीर द्यायला एकही बाई सापडली नव्हती.

विषय होता मार्था आणि मरीया. प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि मार्था स्वयंपाकघरात राबत राहिली, ती गोष्ट. भाऊ दोन तास बोलले. भगिनींनो, चूल सोडा, चरणांशी बसा. भगिनींनो, तुमच्यातली मार्था आजच इथं सोडून जा. बोलले छान, खोटं कशाला सांगू. फक्त एस्तेरताईंनी आणि आणखी आठ-दहा जणींनी ते ऐकलं नाही, कारण मंडपामागं शंभर माणसांचा स्वयंपाक चालला होता.

उपदेश संपला. मधुकरभाऊ उठले आणि म्हणाले, "आमेन. आता पुढच्या तीन ओळींतल्या भगिनींनी वाढायला चलावं."

पंगत बसली. वक्त्यांनी मटणाचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. खूश होऊन त्यांनी विचारलं, "रस्सा फार सुंदर झालाय, कुणी केला?"

वाढता वाढता एस्तेरताई म्हणाल्या, "मार्थेनं."

*

चिकलठाण्याच्या मंगलचा किस्सा सांगताना मात्र मला अजून हसू येत नाही.

मंगलचा नवरा कंपनीत कामाला, आणि पगार झाला की दारूत. आम्ही मंडळाच्या बाया तिच्या घरी प्रार्थनेला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यानं दार लावून घेतलं. एस्तेरताई पायरीवर बसल्या आणि तिथंच प्रार्थना केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एक दिवस त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, आत बसा, लोक बघतेत. मग तो आजारी पडला. तेव्हा ताईंनी त्याला गोळ्या दिल्या, अंग पुसून दिलं, त्याचं ओरडणं ऐकून घेतलं. त्याची दारू सुटली.

तो चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला. रडत रडत म्हणाला, मी खड्ड्यात होतो, पाळकसाहेबांनी आणि पंचांनी माझा हात धरून वर काढलं. पंचांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. एकालाही वाटलं नाही, की निदान मान तरी खाली घालावी!

पाळकसाहेबांनी मंगललाही दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं माईक हातात धरला, पंचांच्या बाकाकडं पाहिलं आणि म्हणाली, "ज्यांनी हात धरला म्हणतेत, त्यांनी आमचं घर कोणत्या गल्लीत हाय तेवढं सांगावं."

मधुकरभाऊंनी लगेच गीत जाहीर केलं. आणि ते पेटीवर मलाच वाजवावं लागलं.

*

गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेला तर ताईंनी वचन वाचून संपवायच्या आतच मधुकरभाऊंनी घसा खाकरला. घरी जाताना ताई मला म्हणाल्या, "रूथ, पुढच्या साली दुसरी कुणी बघा. मी आता बोलणार नाय." आवाजात रागसुद्धा नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर आम्ही खुलताबादला गेलो. तिथं राहेलआजी राहतात. मुलं बाहेर, आजी एकट्या, आणि गावात प्रार्थनेला सोबत अशी कुणी नाही. म्हणून अधूनमधून आम्ही जीपनं जाऊन येतो. आजींना आता नीट दिसत नाही. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि विचारलं, तहानेवर काय बोललीस?

"दोन मिनिटं बोलले, आजी."

"ती दोन मिनिटं ऱ्हाऊ दे. बाकीचं सांग."

ताई आधी नको म्हणाल्या. मग सांगू लागल्या. म्हणाल्या, प्रभूनं पाणी दोनदा मागितलं. पहिल्यांदा विहिरीवर, परक्या जातीच्या बाईकडं. ती त्याच्याशी बोलली, वाद घातला, त्याचं ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा वधस्तंभावरून मागितलं. तिथं खाली शिपाई होते. त्यांनी आंब दिली, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, काठीला स्पंज लावून, लांबून.

"आन् विहिरीवरल्या बाईनं दिलं का त्याला पाणी?" आजींनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाय, आजी. पण दिलंच असणार. बायांनी पाणी दिलेलं कोण लिहून ठेवतं?"

मी तिथं रडले. राहेलआजी मात्र रडल्या नाहीत, त्या चिडल्या. "हे मला कशाला सांगती? मला सगळं पटलेलंच हाय. चर्चच्या मंडळीला सांग."

ताई म्हणाल्या, ते वेळ देत नाहीत.

"देत नाय म्हणजे? देवाच्या लेकानं मागितलं, त्याला लाज नाय वाटली. तुला कशाची वाटती? माग."



*

या वर्षीचा गुड फ्रायडे. ऊन असं की पंख्याची हवाही भाजत होती. पाचव्या वाक्याला एस्तेरताईंचंच नाव होतं, आणि मंडळातल्या आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. यंदा तरी त्यांना बोलू द्यावं. मी पाळकसाहेबांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, मी बघतो. त्यांनी बघितलंच फक्त.

मधुकरभाऊ क्षमेवर बोलले. दुसरे बोलले, तिसरे बोलले. चौथे भाऊ एकटेपणावर बोलता बोलता मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटपर्यंत गेले. अडीच वाजून गेले. एस्तेरताई माईकजवळ आल्या, आणि खुर्चीतून दोन बोटं वर झाली.

"ताई, दोन मिनिटं."

ताईंनी वचन वाचलं. पवित्र शास्त्र मिटलं. आता प्रार्थना करतील म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

ताई म्हणाल्या, "दोन मिनिटं दिलीत, ठीक हाय. त्याच्या आधी एक मागते. माझा सकाळपासून उपास हाय आन् घशाला कोरड पडलीय. मला पाणी पाहिजे."

सवयीनं आमच्याकडच्या चार-पाच जणी अर्ध्या उठल्याही.

"बायांनी बसायचं," ताई म्हणाल्या. "माझ्या आधी जे भाऊ बोलले, त्यांच्यातल्या कुणीबी आणून द्या."

पाळकसाहेबांनी मधुकरभाऊंकडं पाहिलं. मधुकरभाऊंनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी पेटीकडं पाहिलं. ताई माईकजवळ उभ्याच होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती.

शेवटी मधुकरभाऊ उठले. मागच्या खोलीत गेले. ड्रमचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग भांडी वाजली. मग काहीच नाही. मग ते दारात आले आणि बायकांच्या बाजूला बघत हळूच म्हणाले, "पेले कुठं असतात?"

हळू म्हणाले तरी सगळ्या चर्चला ऐकू गेलं. आमच्यातली एकही बोलली नाही. मंगल तर सरळ वर छताकडं बघत होती.

माईकवरून ताई म्हणाल्या, "असतात तिथंच हायेत, भाऊ."

ते पुन्हा आत गेले. बाहेर आले ते चहाचं पातेलं दोन्ही हातांत धरून. मधल्या वाटेनं, सगळ्या मंडळीसमोरून, पाणी हिंदकळत, पांढरा शर्ट पोटावर भिजलेला. त्यांनी ते पातेलं वर केलं. ताईंनी घेतलं, उभ्यानंच तोंडाला लावलं आणि सावकाश प्यायल्या. मग पातेलं पुलपिटवर ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मधुकरभाऊ अजून समोर उभेच होते.

"बसा, भाऊ," ताई म्हणाल्या. "आता माझी दोन मिनिटं धरा."